गावच्या युद्धस्मारकावर नावे कोणाची आणि कोणत्या क्रमाने?

मांडवीकाठ (मूळ प्रश्न)

सस्नेह नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या गावात, लष्करात असताना प्राणास मुकलेल्या गावकऱ्यांचे स्मारक वाचनालयाच्या आवारात उभारले जात आहे. चिऱ्यांचा चौथरा शिगम्यापूर्वीच बांधून झाला, त्यावरून एक पावसाळा गेला, त्याला शेवाळही धरले. पण त्यावर बसवायची काळ्या ग्रॅनाइटची पाटी अजून वाचनालयाच्या पडवीत गोणपाटाखाली उभी आहे, कारण तिच्यावर काय कोरायचे यावर समितीचे एकमत होत नाही. मी या समितीची चिटणीस आहे. मागील तीन बैठकांचे इतिवृत्त चाळले तर त्यात एकच ठोस निर्णय सापडतो, आणि तो म्हणजे पुढील बैठकीची तारीख.

तीन नावांविषयी कोणाचा आक्षेप नाही. ते तिघेही भारतीय सैन्यात होते आणि लढताना पडले. चौथा मुलगा उत्तरेकडील सीमेजवळच्या रस्त्यावर लष्करी गाडी दरीत कोसळून गेला, तेव्हा तो अपघात म्हणायचा की काय, असा प्रश्न काहींनी काढला आहे. पाचवे नाव एका व्यापारी जहाजावरील स्वयंपाक्याचे आहे. ब्रिटिश कंपनीचे ते जहाज १९४२ मध्ये पाणबुडीने बुडवले आणि तो परत आला नाही; तो सैनिक नव्हता, आणि गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे असल्यामुळे कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानचाही नव्हता. सहावा तरुण १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांच्या गोळीने गेला. याशिवाय एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह आहे की डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या भूमीवर पडलेल्या भारतीय जवानांची नावे सर्वांत वर यावीत, मग ते आमच्या गावचे नसले तरी चालेल.

क्रम हुद्द्याप्रमाणे लावावा, वर्णानुक्रमे की मृत्यूच्या वर्षाप्रमाणे, आणि शीर्षकात ‘शहीद’, ‘हुतात्मा’ की ‘वीर’ हा शब्द घालावा, यांवरही वाद आहेत. असे काम ज्यांनी केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. १९ डिसेंबरला, मुक्तिदिनी, अनावरण व्हावे अशी इच्छा आहे.

जुना सुभेदार

चिटणीसताई, मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर शेजारच्या तालुक्यातील अशाच एका पाटीच्या कामात होतो, म्हणून लिहितो.

प्रथम शब्दाविषयी. सैन्याच्या अधिकृत कागदपत्रांत ‘शहीद’ असे कोणतेही पद किंवा वर्ग नाही. मृत्यूची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतील) किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणाने झालेली) या दोनपैकी एका सदरात होते आणि कुटुंबाला कोणत्या दराने निवृत्तिवेतन मिळावे हे बरेचसे त्यावरून ठरते. ही विभागणी हिशेबासाठी आहे. हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाला ती लागते, गावाला तिची गरज काय, हे मला कळत नाही. सीमेजवळच्या रस्त्यावर ज्यांनी पावसात किंवा बर्फात तीन टनी गाडी चालवली आहे त्यांना ठाऊक असते की तिथे शत्रू समोर दिसायलाच हवा असे नसते. रस्ता, उंची आणि थंडी हीच निम्मी लढाई असते. तो मुलगा त्या दरीजवळ हौसेने गेला नव्हता. त्याचे नाव वगळणार असाल तर त्याच्या घरी जाऊन तसे तोंडावर सांगण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्या सदस्यांनीच घ्यावी, म्हणजे आक्षेप आपोआप कमी होतील.

दुसरे, कोणतेही नाव ऐकीव माहितीवर कोरू नका. प्रत्येक रेजिमेंटचे स्वतःचे रेकॉर्ड ऑफिस असते आणि पत्र त्या कार्यालयालाच जावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, आणि नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला ठेवलेल्या असतात. सर्व्हिस नंबर असल्यास उत्तम. नसल्यास वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि भरती झाल्याचे अंदाजे वर्ष कळवावे. पत्र राज्य सैनिक कल्याण खात्यामार्फत गेले तर उत्तर लवकर येते, असा माझा अनुभव आहे. स्वातंत्र्यानंतर लढाईत पडलेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही पाहता येतील. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले आणि त्यातील त्यागचक्राच्या भिंतींवर २५,०००हून अधिक नावे आहेत. तुमच्या पहिल्या तिघांची नावे तिथे कशी लिहिली आहेत ते ताडून पाहावे.

हुद्दा नावाआधी जरूर लिहावा, कारण तो त्याने कमावलेला असतो. मात्र क्रम हुद्द्याने लावू नये. आमच्या शेजारच्या पाटीवर तसे केले, आणि एका शिपायाचा भाऊ दरवर्षी तिथे येऊन सर्वांत खालच्या ओळीकडे पाहतो व काही न बोलता निघून जातो.

कातळशिळा

हुद्द्याविषयी सुभेदारसाहेबांनी जे म्हटले त्याला शंभर वर्षांची परंपरा आहे. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, ब्रिटिश साम्राज्यातील युद्धमृतांच्या कबरी सांभाळण्यासाठी जो आयोग (आजचे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) स्थापन झाला त्याने हे तत्त्व स्वीकारले की जनरल असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा असेल आणि हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून मानात फरक केला जाणार नाही. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हे आजही डोळ्यांनी पाहता येते.

तुमच्या चौथ्या आणि पाचव्या नावासाठी याच आयोगाचा नियम उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांनी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरला आणि या काळात लष्करी सेवेत असलेला माणूस गोळीने गेला, तापाने गेला की गाडी उलटून गेला, असा भेद केला नाही. व्यापारी जहाजांवरील लोकांच्या बाबतीत मात्र मृत्यू युद्धाच्या कारणाने झालेला असावा लागतो, आणि पाणबुडीने बुडवलेल्या जहाजावरील स्वयंपाकी त्यात निश्चितच बसतो. हिंदी नौदलातील आणि व्यापारी जहाजांवरील, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या सहा हजारांहून अधिक लोकांची नावे एका नोंदवहीत लिहिलेली आहेत. तिची एक प्रत मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे आणि दुसरी चितगावच्या युद्धस्मशानभूमीत. आयोगाच्या संकेतस्थळावर जहाजाच्या नावावरूनही शोध घेता येतो. शोधताना आडनावाची पोर्तुगीज वळणाची सर्व रूपे करून पाहावीत आणि गाव सापडले नाही तर ‘पोर्तुगीज इंडिया’ असेही टाकून पाहावे. गोव्याचे खलाशी जहाज मिळेपर्यंत धोबीतलाव आणि गिरगाव भागातील आपापल्या गावच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहत असत, त्यामुळे अनेकांचा पत्ता मुंबईचा लागला असणे शक्य आहे.

या आयोगाची स्तुती करताना एक गोष्ट दडवणे मात्र योग्य होणार नाही. समानतेचे हे तत्त्व कागदावर होते तेवढे जमिनीवर उतरले नाही. २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने मान्य केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० जणांचे, ज्यांत पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोकच प्रामुख्याने होते, स्मरण नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. त्यांच्या वाट्याला फार तर आकडा आला. आकड्याची ही रीत आपल्याकडेही पाहायला मिळते. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातील अनेक गावांत ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या त्यांवर या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धातून परतले नाहीत. चावडीच्या भिंतीवरची अशी पाटी वाचताना मनात पहिला प्रश्न हाच येतो की ते कोण होते, आणि पाटी त्याचे उत्तर देत नाही.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण ते आपल्या मातीतले आहे. गोव्यात युद्धस्मारके उभारण्याची रीत ब्रिटिशांकडून किंवा पोर्तुगिजांकडून आलेली नाही. सत्तरी आणि सांगे भागांत देवळांच्या आवारात, कधी रानात झाडाखाली, कदंब राजांच्या काळातील वीरगळ उभे असतात. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्या राज्य संग्रहालयाच्या संग्रहातील काही वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजे आणि त्यांवरून लढणारे लोक कोरलेले आहेत. समुद्रावर मेलेल्या माणसाला दगडावर जागा द्यावी की नाही, हा तुमच्या समितीपुढचा प्रश्न कदंबांच्या काळातल्या गावांनी अशा रीतीने केव्हाच सोडवला होता! बहुतेक वीरगळांवर नाव नसते. तरीही गावातील कोणी ना कोणी त्यांवर तेल घालते आणि फूल ठेवते, आणि विचारले तर ‘आमचा वीर’ एवढेच सांगते.

मांडवीकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चौथ्या आणि पाचव्या नावाचा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे. सत्याग्रहीच्या नावाविषयी आणि १९६१ च्या जवानांविषयी मात्र समितीत आवाज चढतात, त्यावर कोणी लिहील का?

पत्रादेवीचा वाटसरू

१५ ऑगस्ट १९५५ रोजी जे सत्याग्रही पत्रादेवीहून आणि सीमेवरील इतर ठिकाणांहून गोव्यात शिरले ते हातात शस्त्र न घेता शिरले, आणि समोरून बंदुका रोखलेल्या दिसत असताना पुढे चालत राहिले. शस्त्र न घेणे हाच त्यांच्या कृतीचा गाभा होता. अशा माणसाला सैनिकांच्या यादीत पाचवा किंवा सहावा म्हणून बसवले, तर देणारा मान देत आहे असे समजतो, पण प्रत्यक्षात त्याने काय केले तेच पुसले जाते. म्हणून माझे मत असे की त्याची पाटी स्वतंत्र असावी, त्याच चौथऱ्यावर, त्याच उंचीवर आणि त्याच दगडाची. ‘हुतात्मा’ हा शब्द गोव्यात या लोकांसाठी रुळला आहे. पणजीच्या आझाद मैदानावरील स्मारकाला आणि पत्रादेवीच्या स्मारकाला आपण त्याच शब्दाने ओळखतो. तो त्यांच्याकडे राहू द्यावा. सैनिकांच्या पाटीवर ‘सेवेत असताना प्राणार्पण केलेले आमचे गावकरी’ असे सरळ लिहिले तर सुभेदारसाहेबांनी सांगितलेली अडचणही उरत नाही आणि जहाजावरचा स्वयंपाकीही त्यात सामावतो.

१९६१ च्या जवानांचा प्रश्न निराळा आहे. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण पडले, त्यांचे स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतकच्या आवारात आहे. आग्वादच्या किल्ल्यातील राजबंद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथेच मारले गेले. या लोकांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण गावाचे स्मारक आणि राज्याचे स्मारक यांची कामे वेगळी आहेत. पत्रादेवीला पडलेले कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबातील लुधियाना जिल्ह्यातील इसरू गावचे; जिथे ते पडले त्या पत्रादेवीतही त्यांची आठवण ठेवली जाते आणि जिथून ते निघाले त्या इसरूतही दरवर्षी १५ ऑगस्टला लोक जमतात. तुमची पाटी ही इसरूच्या जातीची आहे. जे तुमच्या गावच्या वाटेने बाहेर पडले आणि त्या वाटेने परतले नाहीत, त्यांची ती आहे. ज्येष्ठ सदस्यांना एवढे सांगून पाहावे की १९ डिसेंबरला अनावरणापूर्वी त्या जवानांच्या नावे पुष्पचक्र वाहिले जाईल. माझ्या अंदाजाने ते मान्य करतील.

वाळपईकर

वरील मताशी मी सहमत नाही. पाट्या दोन झाल्या की माणसे त्यांची तुलना करू लागतात, हार कोणाला मोठा पडला हे मोजू लागतात, आणि पुढे दोन समित्या होतात. आमच्या वाड्यावर एकाच दगडावर दोन्ही प्रकारची नावे वर्षांच्या क्रमाने कोरली आणि प्रत्येकापुढे एका ओळीत तो कोठे व कसा गेला ते लिहिले. आजवर कोणी तक्रार केलेली नाही. वर्षाचा क्रम लावला तर वर्णानुक्रमाचा वादही मिटतो. वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांची जी काळी भिंत १९८२ मध्ये उभी राहिली तिच्यावरची ५८,००० हून अधिक नावे तारखेच्याच क्रमाने आहेत, त्यामुळे एका दिवशी मेलेले सोबती भिंतीवरही एकत्र राहिले आहेत.

चिरेखाण

मजकुरात मी पडत नाही, दगडाचे काम करतो म्हणून तेवढेच सांगतो.

चिरा हा सच्छिद्र दगड आहे आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. चौथऱ्याला एका पावसात शेवाळ धरले याचे कारण बहुधा असे की त्याच्या माथ्याला उतार दिलेला नाही आणि कडेला पाणी तोडणारी खाच नाही. पाटी बसवण्यापूर्वी माथ्यावर बाहेरच्या बाजूला उतरती फरशी घाला, ती भिंतीच्या दोन इंच बाहेर येऊ द्या आणि तिच्या खालच्या अंगाला एक रेघ मारून घ्या, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता त्या रेघेशी थेंबाथेंबाने गळून पडेल. पाटी अडकवायला लोखंडी खिळे किंवा पट्ट्या मुळीच वापरू नका. लोखंड गंजले की फुगते आणि ग्रॅनाइटला आतून तडा देते. हा तडा चार-पाच वर्षांनी दिसतो, तेव्हा ठेकेदार फोन उचलत नाही. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील थोडे महाग पडते, पण समुद्राकडच्या हवेत तेच टिकते.

अक्षरे खोल कोरून घ्यावीत. हल्ली बहुतेक ठिकाणी रबराचे स्टेन्सिल चिकटवून वाळूचा मारा करतात आणि उथळ खाचेत सोनेरी रंग भरतात. अनावरणाच्या दिवशी ते झगझगीत दिसते आणि तिसऱ्या पावसाळ्यात रंग पापुद्र्याने सुटू लागतो. मग काना गेलेला, वेलांटी उरलेली, असे नाव वाचावे लागते. खोल अक्षर रंगाशिवायही वाचता येते, अगदी अंधारात बोटानेही. पितळी अक्षरे चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्यांना विचारा की ती चोरीला गेल्यावर नवी कोण देणार. अखंड ज्योतीच्या फंदातही पडू नका. सिलिंडर संपलेल्या ज्योतीइतके ओशाळवाणे काही नसते. दिवा लावायचा असेल तर समई पुरे.

आणि एक. पाटीच्या तळाशी पुढील नावांसाठी मोकळी जागा ठेवण्याची पद्धत आहे. ती ठेवली तर नंतर नवा दगड आणावा लागत नाही आणि रंगाची छटाही जुळते.

मांडवीकाठ

काल बैठक झाली. उशिरा का होईना, पण निर्णय झाले, म्हणून आपणा सर्वांना कळवत आहे.

सत्याग्रहीची पाटी स्वतंत्र, त्याच चौथऱ्यावर आणि त्याच मापाची असेल. वाळपईकरांचा इशारा मी वाचून दाखवला आणि हार दोन्ही पाट्यांना एकाच मापाचे आणायचे असे इतिवृत्तात नमूद करून घेतले. दोन्हींवर क्रम वर्षाचा, त्यामुळे स्वयंपाक्याचे १९४२ सालचे नाव आपोआप सर्वांत वर येते. पुष्पचक्राची सूचना ऐकल्यावर ज्येष्ठ सदस्यांनी आपला आग्रह मागे घेतला, एवढेच नव्हे तर त्याचा खर्चही स्वतःकडे घेतला.

लेखनाचा प्रश्न मात्र घरोघरी जाऊनच सोडवावा लागला. गोव्यात एका आडनावाची किती रूपे होतात हे आपणांस सांगायला नको. दरीत गेलेल्या मुलाचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर ‘गांवकर’, शिधापत्रिकेवर ‘गावकार’ आणि सैन्याच्या कागदांवर रोमन लिपीत तिसऱ्याच वळणाने लिहिलेले निघाले. त्याच्या आईने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली, साडीच्या घडीतून त्याचे शेवटचे आंतर्देशीय पत्र काढले, घडीवर फाटत आलेले, आणि सहीवर बोट ठेवले. अनुस्वार नसलेले ‘गावकर’, आणि ‘र’ची शेपटी पार पुढच्या ओळीत गेलेली. “तो अशें बरयतालो,” (तो असे लिहायचा) एवढेच त्या म्हणाल्या. तेच रूप कोरले जाईल. इतर घरांतही आता हाच नियम लावला आहे, सही मिळाल्यास सही, नसल्यास घरातील सर्वांत वडील व्यक्ती सांगेल ते. स्वयंपाक्याच्या पुतण्याने नाव देवनागरीबरोबर रोमी लिपीतही असावे अशी विनंती केली आणि ती सर्व नावांसाठी मान्य झाली, त्यामुळे पाटीची रुंदी थोडी वाढली आहे.

चिरेखाण यांच्या सर्व सूचना ठेकेदाराला लिहून दिल्या आहेत, एक सोडून. तळाशी मोकळी जागा ठेवण्याचा विषय मी वाचला तेव्हा समितीत कोणीच बोलेना. आमच्या गावातील चार मुले आज सैन्यात आहेत आणि त्यांपैकी दोघांचे वडील त्याच बैठकीत समोर बसले होते. शेवटी ठरले की अक्षरे मोठी घ्यावीत आणि नावे दगडाच्या तळापर्यंत पोहोचवावीत. चौथऱ्याच्या डाव्या अंगाला आणखी एक दगड बसेल एवढी भिंत शिल्लक राहते, हे सर्वांना दिसत होते. इतिवृत्तात मी त्याचा उल्लेख केलेला नाही.